लूत लागलेलं कुत्रं एवढं का खाजवतं?

शिरड शहापूरसारख्या गावात चहाच्या टपरीपाशी पडून असणाऱ्या कुत्र्यांत एखादं तरी असं दिसतंच: कानांच्या कडा खपल्यांनी जाड झालेल्या, कोपरांवरचे केस गेलेले आणि मागचा पाय सारखा चालू. लूत लागली, असं आपण म्हणतो. पण लूत दोन वेगवेगळ्या किड्यांमुळे होते, आणि त्यातला कोणता हे कळल्याशिवाय उपाय करणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

पहिला सार्कोप्टिस. गोचिडाच्याच नात्यातला, आठ पायांचा, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मादीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात आडवं बीळ कोरत पुढे सरकते आणि मागे अंडी घालत जाते. 3 ते 5 दिवसांत अंडी फुटतात, साधारण 3 आठवड्यांत नवी पिढी तयार होते. जीवघेणी खाज सुटते ती मुख्यतः किड्याच्या लाळेची आणि विष्ठेची अ‍ॅलर्जी आल्यामुळे. म्हणून अंगावर थोडेच किडे असले तरी कुत्र्याला रात्रभर झोप नसते. या किड्याला केस विरळ असलेली जागा लागते: कानाच्या कडा, कोपरं, पोट. कानाची कड चिमटीत धरून हलकेच चोळली की अशा कुत्र्याचा मागचा पाय बहुधा आपोआप खाजवायला लागतो. एकाच पोत्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांत ही लूत झपाट्याने पसरते.

दुसरा डेमोडेक्स. हा लांबुळका किडा केसांच्या मुळाशी राहतो. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, तो आईकडून पिल्लाच्या अंगावर येतो आणि बहुतेक धडधाकट कुत्र्यांच्या अंगावर निमूट राहतो. कुपोषणाने किंवा दुसऱ्या आजाराने अंगातली ताकद घटली की त्याची संख्या वाढते. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर चट्टे पडतात. जखमा चिघळल्या नाहीत तर खाज फारशी नसते. ही लूत माणसांना लागत नाही. पिल्लांचे एक-दोन चट्टे पुष्कळदा आपोआप भरून येतात.

गावात यावर सर्रास जळकं ऑइल चोपडतात. कृपा करून हे करू नका. कुत्रं अंग चाटतं, ऑइल पोटात जातं, विषबाधा होते. आधीच सोललेली कातडी आणखी भाजते. खाज दाबायला स्टेरॉइडचं इंजेक्शन परस्पर देणंही घातक, कारण त्याने प्रतिकारशक्ती खचते आणि डेमोडेक्स फोफावतो.

जनावरांचे डॉक्टर ब्लेडने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डेमोडेक्ससाठी किंचित रक्त येईपर्यंत खरवडावं लागतं. सार्कोप्टिस मात्र पुष्कळदा हुलकावणी देतो, त्यामुळे काही दिसलं नाही तरी लक्षणांवरून उपचार सुरू करतात. लुतीवर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन ज्या शोधातून आलं त्याला 2015 चं नोबेल मिळालं, पण गुरांसाठी आणलेलं तेच औषध अंदाजाने टोचलं तर कुत्रं दगावू शकतं. कॉली जातीला तर ते फारच जड जातं. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर यांच्या गोळ्या वजन करून देतात. सार्कोप्टिस असेल तर सोबतच्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्यायचं आणि पोती, गोधड्या गरम पाण्यात धुवायच्या.

घरातल्यांच्या हातांवर, पोटावर खाजऱ्या पुटकुळ्या आल्या तर त्याही बहुधा सार्कोप्टिसच्याच. कुत्र्यावरचा हा किडा माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्रं बरं झाल्यावर त्या काही आठवड्यांत जातात. तरीही खाज राहिलीच, तर ती माणसांची खरूज असू शकते. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं लागतं.