पहिल्या सेकंदात एक वीत

चाकणच्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्गावरच्या गाड्या सुटतात. पुढे एक मोटारसायकल, शेजारी नव्या कोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर. दोघे एकाच क्षणी जागचे हलतात. मोटारसायकल बघता बघता पार, आणि ट्रेलरच्या मागे हॉर्नचा कालवा.

आपण म्हणतो, ‘पिकअप नाही’. पुस्तकात त्याला त्वरण म्हणतात: दर सेकंदाला वेगात पडणारी भर. मोटारसायकलचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो असे धरू. पहिल्या सेकंदाअखेर तो २ झाला खरा, पण सुरुवात शून्यापासून, सरासरी १. म्हणून त्या सेकंदात गाडी १ मीटरच सरकते. दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. विषम संख्यांची ही रांग गॅलिलिओने उतरत्या पन्हळीतून गोळा सोडून पडताळली. सरळ खाली पडणारी वस्तू मोजायला फार चपळ, म्हणून उतार. आणि वेळ मोजायला भांड्यातून गळलेल्या पाण्याचे वजन! १६३८ सालच्या त्याच्या पुस्तकात हे सगळे आहे. बेरीज करत जा: १, ४, ९, १६, २५. अंतर वेळेच्या वर्गाने वाढते.

आता २५ मीटरचा चौक घ्या. मोटारसायकलला ५ सेकंद. भरलेल्या ट्रेलरचे त्वरण पाव, म्हणजे ०.५ धरले, तर पहिल्या सेकंदात तो सरकतो २५ सेंटिमीटर, जेमतेम एक वीत. तरी चौक पार करायला वेळ चौपट नाही, दुप्पटच लागतो: १० सेकंद. वर्गाची कृपा! पण हे झाले तोंडाचे. १८ मीटरची शेपूट बाहेर निघायला एकूण ४३ मीटर जावे लागते, त्याला १३ सेकंद. बल तेवढेच आणि वस्तुमान अधिक, तर त्वरण कमी. हॉर्नने दोन्ही बदलत नाहीत.

हिशेब सोपा व्हावा म्हणून त्वरण एकसारखे धरले. प्रत्यक्षात गिअर बदलताना क्लच दाबला की चाकांचा रेटा तुटतो. आकुर्डीत बनणाऱ्या विजेच्या चेतक स्कूटरला हा खंड नाही.

गंमत पुढे आहे. मागचा तसाच ट्रेलर २ मीटर अंतर सोडून उभा आहे आणि २ सेकंद उशिरा निघाला, तर तो १८ व्या सेकंदाला चौकाबाहेर. पहिल्याला १३ सेकंद लागले, याने वर फक्त ५ घेतले. तिसरा आणखी ४ सेकंदांत. मागच्यांना चौकाच्या तोंडाशी येईपर्यंत वेग मिळालेला असतो. शून्यातून उठण्याची सगळी किंमत पहिला मोजतो.

तेवढ्यात डावीकडून कुणी दुचाकीस्वार ट्रेलरपुढे घुसतो. चालक ब्रेक दाबतो, ट्रेलर थांबतो, मागचे दोघेही थांबतात. मोजणी पुन्हा एका वितीपासून.