कार्यालयातील संगणकावर तुमचा आधार क्रमांक कोण पाहू शकते?

बेंगळुरू वन केंद्रावर गृहलक्ष्मीचा अर्ज भरताना शिधापत्रिकेचा क्रमांक, पती-पत्नींचे आधार क्रमांक आणि बँक खात्याची माहिती द्यावी लागते. अर्ज भरून आपण घरी येतो; माहिती मात्र सरकारी संगणकात राहते. ती पुढे कोणी उघडावी, त्यातील किती पाहावी आणि कोणी पाहिली याची नोंद राहते का, हे लाभार्थ्याने विचारणे रास्त आहे.

२०१७ मध्ये काय घडले?

मे २०१७ मध्ये बेंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या संस्थेने चार सरकारी संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत एक वृद्धापकाळ व विधवा निवृत्तिवेतनाचे, एक ग्रामीण रोजगार हमी योजनेचे आणि दोन आंध्र प्रदेशातील योजनांची होती. या चारही ठिकाणांहून मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले असावेत, असा संस्थेचा अंदाज होता. हा अहवाल योजनांच्या संकेतस्थळांबद्दल होता, आधार प्राधिकरणाच्या मूळ साठ्याबद्दल नव्हे.

कुलूप कोणी तोडले नव्हते. निवृत्तिवेतनाच्या संकेतस्थळावर तर क्रमांक झाकलेले दिसत. पण पानाच्या पत्त्यातील 'नोलॉगिन' हा शब्द बदलून 'लॉगिन' केला की झाकलेली माहिती उघडी होई. म्हणजे क्रमांक फक्त पडद्यावर झाकला होता. आतल्या साठ्यात तो कोणालाही द्यायला तयार होता.

मग माहिती कशी ठेवली पाहिजे?

प्रत्येक लाभार्थ्याची नोंद म्हणजे रकान्यांची एक ओळ. सगळे रकाने सगळ्यांना लागत नाहीत. अर्जाची स्थिती सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला नाव, अर्ज क्रमांक आणि आधारचे शेवटचे चार अंक पुरतात. खाते क्रमांक पैसे पाठवणाऱ्या प्रणालीला हवा, खिडकीवरच्या माणसाला नव्हे. वरिष्ठ अधिकाऱ्याला बहुतेक वेळा फक्त एकूण आकडे हवे असतात. म्हणून परवानगी पूर्ण नोंदीला न देता रकान्यागणिक द्यायची, आणि ती साठ्यातच तपासायची.

रोजगार हमीच्या कामाची आणि मजुरीची यादी गावाला पाहता आलीच पाहिजे, नाहीतर खोटी नावे पकडणार कोण? पण त्यासाठी आधार किंवा खाते क्रमांक छापण्याची गरज नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. जुलै २०१७ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक अट घातली. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी तो वेगळ्या, बंदिस्त 'आधार डेटा व्हॉल्ट'मध्ये ठेवायचा आणि इतर नोंदींत त्याच्याऐवजी एक बदली क्रमांक वापरायचा.

यासोबत देखरेख हवी. कोणत्या लॉगिनने, केव्हा, कोणाची नोंद उघडली हे आपोआप लिहिले गेले पाहिजे. रोज पन्नास अर्ज पाहणाऱ्या लॉगिनने एका रात्रीत हजारो उघडले, तर लगेच इशारा मिळाला पाहिजे. एकच पासवर्ड चौघे वापरत असतील तर या नोंदीला काही अर्थ उरत नाही. आमच्या मते खरी ढिलाई इथेच होते.

तुम्ही काय तपासू शकता?

कार्यालयातील ही नोंदवही तुम्हाला दिसत नाही. पण आधारचा वापर कधी झाला हे दिसते. 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' उघडा. मागील सहा महिन्यांतील पडताळण्या, तारीख, वेळ आणि संस्थेच्या नावासह दिसतात. यासाठी मोबाईल आधारशी जोडलेला हवा. ज्या दिवशी तुम्ही कुठेही अंगठा लावला नाही, त्या दिवसाची अंगठ्याची पडताळणी दिसली तर १९४७ वर तक्रार करा. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

बोटांचे ठसे लॉकही करता येतात. मात्र लॉक असताना रेशन दुकानात अंगठा चालत नाही. जाण्यापूर्वी ते अनलॉक करावे लागते. घरात एकाच्याच मोबाईलवर सगळ्यांचे ओटीपी येत असतील, तर वृद्धांचे ठसे लॉक करण्यापूर्वी रेशन आणायला कोण जाते ते पाहा.

झेरॉक्स मागितली तर 'मास्क्ड आधार' चालेल का, असे विचारा. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात.