सड्यावरील आमरी आणि तिचे दोन सोबती

ज्येष्ठात पावसाच्या चार सरी पडल्या, की रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या दगडाचे सडे पालटू लागतात. उन्हाळ्यात ज्या कातळावर अनवाणी पाऊल ठरत नाही, त्याच्या खळग्यांतील थोड्याशा मातीत हिरवळ दिसू लागते. याच दिवसांत गवतामध्ये जमिनीला चिकटलेले एकच गोलसर पान आणि त्यातून वर आलेल्या दांड्यावर मोजकी पांढरी फुले, अशी एक लहान वनस्पती आढळते. तिला आषाढ आमरी म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस असे असून ते ब्लॅटर व मॅककॅन या अभ्यासकांनी दिलेले आहे.

आमरी म्हणजे ऑर्किड. आंब्याफणसावर वाढणारी सीतेची वेणी मुलांच्या परिचयाची असते. जमिनीत वाढणाऱ्या आमरीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. लक्ष गेलेच, तर उत्साही विद्यार्थी ती कंदासह उपटून शाळेच्या बागेत लावतात. असे रोप बहुधा टिकत नाही. पाणी घालूनही ते का मरावे, या प्रश्नाच्या उत्तरात निसर्गाभ्यासाचा एक उत्तम पाठ दडलेला आहे.

जमिनीखालचा सोबती

भाताच्या दाण्यातील तांदूळ ही अंकुराची शिदोरी होय. तिच्या बळावर रोप पहिली मुळे व पाने धरते. आमरीचे बी मात्र धुळीच्या कणाएवढे असते आणि त्यात अशी शिदोरी जवळजवळ नसतेच. चार्ल्स डार्विनने युरोपातील एका आमरीच्या एकाच बोंडात सुमारे ६,२०० बिया मोजल्या. त्यावरून एका झाडाच्या तीस बोंडांत १ लाख ८६ हजारांहून अधिक बिया असाव्यात, असा हिशोब त्याने मांडला. या सर्व बिया रुजत्या, तर त्या झाडाच्या पणतवंडांनीच पृथ्वीची जमीन झाकून गेली असती. तसे होत नाही, कारण बी रुजण्यास मातीतील विशिष्ट बुरशीची गाठ पडावी लागते.

ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिली. बुरशीचे सूक्ष्म तंतू बीमध्ये शिरतात आणि पेशींत दोऱ्याच्या गुंड्यांप्रमाणे वेटोळी करून राहतात. ही वेटोळी पचवून कोवळी आमरी आपले पोषण करते. पहिले हिरवे पान येईपर्यंत ती सर्वस्वी बुरशीवर अवलंबून असते. पुढेही मुळांतील बुरशी तिला मातीतील क्षार पुरविते. हा व्यवहार नेहमीच एकतर्फी नसतो; मोठी झालेली हिरवी आमरी बुरशीला साखर परत देते, असे एका जातीच्या बाबतीत ब्रिटनमधील संशोधकांनी २००६ मध्ये सिद्ध केले.

रोप उपटताना नाजूक मुळे तुटतात आणि त्यांच्याभोवतीचे बुरशीचे जाळेही तुटते. बागेतील खत घातलेल्या मातीत ती बुरशी असेलच असे नाही. आपण आमरी नेतो, पण तिचे घर मागेच राहते.

रात्रीचा सोबती

आमरीचे पराग सुटे नसतात. ते परागपुंजांत बांधलेले असून त्यांच्या टोकाशी चिकट चकती असते. त्यामुळे वाऱ्याने ते उडत नाहीत, कीटकच लागतो. हॅबेनारिया वंशातील फुलांच्या पाठीमागे लांब पोकळ नळी असते व तिच्या तळाशी मध असतो. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा या जातीत ती नळी दहा सेंटिमीटरांहूनही लांब भरते. इतका खोल मध लांब सोंडेच्या पतंगासच मिळावयाचा. रात्री पांढरा रंग उठून दिसतो आणि सुगंध वाट दाखवितो. पतंग सोंड आत घालतो, तेव्हा परागपुंज त्याच्या सोंडेस किंवा डोक्यास चिकटतात आणि पुढील फुलास पोहोचतात.

डार्विनने ही क्रिया टोकदार पेन्सिल फुलात घालून पाहिली. परागपुंज पेन्सिलीस चिकटून बाहेर आले आणि सुमारे अर्ध्या मिनिटात पुढे वाकले; दुसऱ्या फुलाच्या नेमक्या जागी लागावेत इतके.

सड्याची राखण

पावसाळा सरला, की आमरीचे पान सुकते व पुढील पावसापर्यंत ती कंदाच्या रूपाने मातीत राहते. म्हणून आठ महिने सडा उजाड भासतो आणि पुष्कळदा सातबाराच्या उताऱ्यावर तो पोटखराबा ठरतो. चिरेखाण झाली, किंवा कातळ फोडून कलमे लावली, की कंद, बुरशी आणि मातीचा तो पातळ थर ही तिन्ही एकदम जातात. चिरा घरास लागतो व कलमे पोटास लागतात, हे खरे. परंतु काय गेले, हे तरी गावास ठाऊक असावे. ते सांगण्यास शिक्षकाहून योग्य कोण?

शाळेत करावयाचे काम

१. आषाढात वर्गाची एक सहल जवळच्या सड्यावर न्यावी. आमरी जागेवरच पाहावी. कंद कोणीही उपटू नये.

२. प्रत्येक मुलाने पान, फूल व मागील नळी यांचे चित्र काढून नळीची लांबी पट्टीने मोजावी.

३. पेन्सिलीचा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, एकाच फुलावर करून दाखवावा.

४. पहिले फूल दिसल्याची तारीख व जागा शाळेच्या वहीत दरवर्षी नोंदवावी. दहा वर्षांनी ती वही गावाच्या सड्याचा इतिहास सांगेल.