बक्षीसपत्राच्या आधी

दौंड–सोलापूर रेल्वेमार्गावरचं जेऊर हे करमाळा तालुक्यातलं स्टेशन. नोकरीसाठी पुण्याला गेलेली इथली मुलं गावी येतात ती सणावाराला, नाहीतर घरी कुणी आजारी पडल्याचा फोन आल्यावर. फोन आल्यावर घेतलेले निर्णय घाईचे असतात. म्हणून आईवडिलांच्या म्हातारपणाचं बोलणं सणाच्या सुट्टीतच करून घ्यावं.

पहिला प्रश्न पैशाचा नको. पुढं एकटं राहायची वेळ आली तर कुठं राहायला आवडेल, हे आईला आणि वडिलांना वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलं की आईचं उत्तर बहुधा वडीलच देऊन टाकतात.

मग कागद. बँकेचं खातं दोघांच्या नावावर आहे का, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतात का, ठेवींवर नॉमिनी नेमलाय का, हे एका दुपारी तपासून होतं.

खरी अडचण पुढं आहे. वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र दिलं की सगळं भागलं, असं अनेकांना वाटतं. पण आपल्या कायद्यात देणाऱ्याची बुद्धी जागेवर आहे तोवरच मुखत्यारपत्र चालतं. स्मृतिभ्रंशासारखा आजार होऊन समज गेली की ते संपतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. मग पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं. मृत्युपत्राचंही तसंच आहे, ते शुद्धीत असतानाच करायचं. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार वाटा मिळणाऱ्यांपैकी नसावेत. वडिलोपार्जित जमिनीत मात्र वडिलांना फक्त आपल्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं.

या भागात सातबारा नीट वाचायला आणखी एक कारण आहे. उजनी धरणात गावं गेली आणि बदल्यात जमिनी मिळाल्या. अशा जमिनीवर 'भोगवटादार वर्ग 2' अशी नोंद असेल, तर ती हयातीत दुसऱ्याच्या नावावर करायला सरकारी परवानगी लागते. आधी तलाठ्याकडे चौकशी करा.

'आमच्या हयातीतच नावावर करून टाकतो' म्हणणाऱ्या वडिलांना मी थांबायलाच सांगेन. तरी करायचंच असेल, तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावं की जमीन घेणारा आईवडिलांचं खाणं, राहणं, औषधपाणी सांभाळेल. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे ही अट मोडली तर हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की, सांभाळाच्या अटीवरच हस्तांतर झालं होतं हे दाखवावं लागतं. तोंडी भरवशावर दिलेली जमीन परत मिळवणं म्हणूनच अवघड जातं. आईचं नाव त्या अटीत विसरू नका. मागं राहते ती अनेकदा तीच.

या कायद्याखाली पोटगीही मागता येते, महाराष्ट्रात दरमहा 10,000 रुपयांपर्यंत. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. करमाळा तालुक्याला त्यासाठी कुर्डुवाडी गाठावी लागते. मार्गदर्शन हवं असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत क्रमांक आहे.

दवाखान्याचं थोडक्यात. 70 पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान वयवंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. त्याला आधार लागतं आणि आधारवरचं वय धरलं जातं. ते चुकलेलं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. सोलापुरातल्या कोणत्या रुग्णालयात हे कार्ड चालतं, तेही विचारून ठेवा.

आणि या बैठकीला लेकींना बोलवा. मालमत्तेत त्यांचा वाटा आहे, आणि 2007 च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांइतकीच त्यांचीही आहे.