सतारवादनातील उजवा हात

सतारीच्या तारा छेडण्याचे तंत्र. इचलकरंजीनजीकच्या मिरजेत हे वाद्य एकोणिसाव्या शतकापासून घडविले जाते. तेथील सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि घडणीइतकाच सतारीचा नाद वादकाच्या उजव्या हातावर अवलंबून असतो. तर्जनीत पोलादी तारेची नखी घालून तारा छेडतात. हाताचा भार भोपळ्यावर असतो आणि अंगठा दांडीच्या कडेला, अखेरच्या पडद्यानजीक, स्थिर ठेवतात. अंगठा स्वतः वाजवीत नाही. परंतु तो ढळला, की आघाताचे अंतर बदलते व द्रुत लयीतील बोल अस्पष्ट होतात. नखी आत, म्हणजे वादकाकडे, ओढल्यास ‘दा’, बाहेर नेल्यास ‘रा’ आणि दोन्ही जलद जोडल्यास ‘दिर’ हा बोल निघतो. ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ हा मसीतखानी गतीचा साचा यांतूनच बनतो. ‘दा’ स्वभावतः जोरकस असतो. ‘रा’ त्याच्या तोलाचा करणे, हाच खरा रियाज. स्पेनमधील फ्लामेंको गिटारवादनात अंगठ्याचे कार्य निराळे आहे. तेथे तो तार छेडून शेजारच्या तारेवर विसावतो, तर ‘आल्सापुआ’ या प्रकारात नखाने खाली-वर असे दोन्ही आघात करतो. सतारीत ही दुहेरी गती तर्जनीकडे असते.