छपरावरचा सूर्य आणि घरातला अंधार

‘लाईन गेली’ हे दोन शब्द आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात इतके अंगवळणी पडले आहेत की, ते उच्चारताना कुणाच्या स्वरात आता तक्रारसुद्धा उरलेली नाही. वळवाचा वारा सुटला, कुठे फांदी तारेवर पडली, की गृहिणी न बोलता मेणबत्तीची जागा चाचपू लागते. गेल्या काही वर्षांत या अंधारावरचा उतारा घेऊन विक्रेते दारोदार हिंडू लागले आहेत. छपरावर पॅनल, भिंतीवर इन्व्हर्टर. बिल शून्य, आणि लाईन गेली तरी घर उजळलेले, अशी दुहेरी ग्वाही ते देतात. ही ग्वाही सर्वस्वी खोटी नाही. पण तिच्यात दोन निरनिराळ्या यंत्रांचे गुण एकाच यंत्राच्या नावावर खपवलेले असतात. संत्र्याचा बहर साधला तरच ज्या घरात वर्षाकाठी चार पैसे शिल्लक पडतात, त्या घराने लाख-दीड लाख रुपये छपरावर चढवण्यापूर्वी हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

प्रकाशापासून वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल याने १८३९ मध्येच दाखवून दिले होते. व्यवहारात वापरता येईल असा सिलिकॉनचा सौरघट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला. हा घट जी वीज देतो ती एकाच दिशेने वाहणारी. आपले पंखे, दिवे, शीतकपाट यांना हवी असते सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी वीज. हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. लोक पॅनलचीच चौकशी करतात. पण पॅनल हा बिचारा पंचवीस वर्षे गुमान उन्हात पडून राहणारा जीव आहे. बुद्धी सारी इन्व्हर्टरमध्ये असते, आणि आयुष्यही त्याचेच कमी. दहा-बारा वर्षांनी तो एकदा बदलावा लागेल, हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

सरकारी योजनेतून सामान्यतः बसतो तो ‘ऑन-ग्रिड’ इन्व्हर्टर. याला बॅटरी नसते. दिवसा तयार होणारी वीज घर वापरते, उरलेली तारेवाटे वीज कंपनीकडे जाते, आणि नेट मीटर या देवघेवीची नोंद ठेवतो. बिल उतरवण्यासाठी याच्याइतके सोपे साधन नाही. परंतु लाईन गेली की हा इन्व्हर्टरही दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करून घेतो. मे महिन्याची दुपार, छपरावर रणरणते ऊन, आणि खाली पंखा बंद! हा यंत्राचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. तुटलेली तार जोडायला लाईनमन खांबावर चढला असताना आपल्या छपरावरची वीज त्या तारेत उतरली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून ही व्यवस्था नियमानेच सक्तीची आहे, आणि ती असलीच पाहिजे. विक्रेत्याने ही गोष्ट आधी सांगायला हवी. बहुधा ती पहिल्या वादळानंतर कळते.

आणखी एक बारकावा खेड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. व्होल्टेज ठराविक मर्यादेबाहेर गेले, तरी हा इन्व्हर्टर जाळ्यापासून अलग होतो. ट्रान्सफॉर्मरपासून दूर, तारेच्या अगदी टोकाला असलेल्या घरी, जिथे मोटारपंप सुरू होताच दिवे मंदावतात, तिथे लाईन असूनही सौरवीज वाया जाऊ शकते. आपल्या घरचे व्होल्टेज चार-आठ दिवस वेगवेगळ्या वेळी मोजून घेण्यास पैसे पडत नाहीत.

अंधारावरचा खरा उपाय म्हणजे ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर. तो जाळ्याशीही जोडलेला असतो आणि बॅटरीशीही. लाईन जाताच तो घर जाळ्यापासून तोडतो आणि बॅटरीवर चालवतो. येथे नव्या तंत्राने खरोखर मोठी मजल मारली आहे. जुन्या ट्युब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरत राहावे लागे, आणि चार-सहा वर्षांत ती थकत असे. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. पाच युनिटांची अशी बॅटरी चार पंखे, मोजके दिवे आणि शीतकपाट रात्रभर सांभाळू शकते. पण ती घ्यायची, तर खर्च सहज लाखभराने वाढतो, आणि अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही.

अनुदानाचा हिशेब असा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. योजनेची आखणी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते. तीन किलोवॉटला महिन्याकाठी साडेतीनशेच्या आसपास. ज्या घरी तेवढा वापर आहे, त्याचे पैसे चार-पाच वर्षांत वसूल होणे अशक्य नाही.

पण तेवढा वापर आहे कुणाकडे? येथे आपल्या भागाचा एक जुना गुंता आड येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. वृत्तपत्र नागपूरचे, विक्रेताही पुष्कळदा नागपूरचा, आणि त्याने दाखवलेले आकडे महाराष्ट्राच्या वीजदरांचे. आपले बिल येते ते जबलपूरच्या पूर्व क्षेत्र वीज वितरण कंपनीचे. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घराला गृहज्योती योजनेखाली पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. ज्यांचे बिलच दोन-चारशे रुपयांचे, त्या घराने बिल वाचवण्यासाठी कर्ज काढून पॅनल बसवणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. कूलर, एसी आणि पाण्याची मोटार यांनी ज्यांचे मीटर पळते, त्यांचीच गोष्ट निराळी.

आपल्याकडे ऊन भरपूर, तेव्हा वीजही भरपूर, हा समजही थोडा तपासून घ्यावा. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडे तापतो, आणि उत्पादन सुमारे आठव्या हिश्श्याने घटते. त्याला ऊन हवे, उष्णता नको. सावलीचेही तसेच. माळेत जोडलेल्या एका पॅनलवर शेजारच्या टाकीची सावली पडली, तर साऱ्या माळेला त्याची झळ लागू शकते. ‘मायक्रो-इन्व्हर्टर’ प्रत्येक पॅनलला स्वतंत्र बसतो म्हणून हे टळते. पण तो महाग, आणि बिघडला तर भर उन्हात छपरावर चढूनच दुरुस्त करावा लागतो.

याशिवाय प्रश्न उरतो छपराचा आणि कागदांचा. किलोवॉटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. कवेलूच्या जुन्या घराला तो भार पेलणार नाही. कित्येक घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, स्लॅब तीन भावांचा आहे, आणि वाटणी व्हायची आहे. अनुदान मीटरधारकाच्या खात्यात जमा होते, तेही काम पुरे झाल्यावर. ज्या भावाने पैसे घातले त्याच्या हाती काय येईल, हे घरातच आधी बोलून घ्यावे.

ज्यांना बिलाची चिंता नाही, फक्त मुलांच्या अभ्यासाच्या वेळी दिवा हवा, त्यांच्यासाठी एक मधली वाट आहे. घरात इन्व्हर्टर-बॅटरी असेल, तर तिला सौर चार्ज कंट्रोलरमार्फत तीनशे-पाचशे वॅटचे एक-दोन पॅनल जोडता येते. बॅटरी किती व्होल्टची आहे ते पाहून जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून हे काम करून घ्यावे. यात अनुदान नाही, नेट मीटर नाही, छायाचित्रात मिरवावे असेही काही नाही. फक्त सायंकाळी लाईन गेली तरी दिवा लागतो.