जिल्ह्याच्या नावात दडलेला पाऊस

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर जिल्ह्याचं नाव रोमन लिपीत लिहा. अहिल्यानगर : अक्षरं 11. नियम एकच, नावात अक्षर जितक्या वेळा आलंय त्याहून जास्त वेळा वापरायचं नाही. त्यातून 'रेन' निघतो, 'ग्रेन' निघतं, 'हेल' म्हणजे गारासुद्धा. 'रेनी' आणि 'अँग्री'ही. आता यांतले तीन शब्द घेऊन पाच ओळींची गोष्ट लिहायला सांगा. पारनेर-पाथर्डीच्या मुलाला पाऊस आणि धान्यावर लिहायला गाइड लागत नाही. स्पेलिंग चुकेल, पण गोष्ट त्याची स्वतःची असेल.

उलटसुलट वाचायचा खेळ मुलांना मराठीतून ठाऊक असतोच : 'ती होडी जाडी होती'. इंग्रजीत 'लेव्हल' आणि 'रडार'चं स्पेलिंग तसंच चालतं. 'लिसन'ची अक्षरं हलवली की 'सायलेंट' होतं.

स्वतःचं लिहिण्याचं मोठं उदाहरण मात्र गावातच आहे. भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हातानं लिहून काढलं. त्याच तुरुंगात मौलाना आझाद एका मित्राला उर्दूत पत्रं लिहीत होते, जी तेव्हा टपालात पडणारच नव्हती. 1946 मध्ये त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. किल्ल्याची सहल झाली की मुलांकडून असंच एक न पाठवायचं पत्र इंग्रजीत लिहून घ्या. आणि शिक्षकहो, त्या पानावर लाल शाई नको.